भाऊबंदांचं प्रगतिपुस्तक

“म्हणजे तू तिकडे पोरांच्या मंडळांना मार्क देतेस, आणि त्याचा तुला पगार मिळतो?” माझ्या नोकरीचं इतकं नेमकं वर्णन सांगलीच्या माझ्या थोरल्या जाऊबाईंशिवाय कुणालाच जमलेलं नाही. ओहायो राज्यातल्या एका सरकारी विद्यापीठात, विद्यार्थ्यांच्या अभ्यासाबाहेरचं सगळं बघणाऱ्या कार्यालयात मी निवृत्त होईपर्यंत काम केलं. त्यातली बरीच वर्षं ग्रीक अक्षरांची नावं लावणाऱ्या मंडळांच्या फायली माझ्या टेबलावर असत. मुलांची ती फ्रॅटर्निटी, मुलींची ती सोरोरिटी, आणि अशा एकेका संस्थेच्या देशभर पसरलेल्या शाखा म्हणजे चॅप्टर. पुण्यातलं एखादं गणेश मंडळ डोळ्यांपुढे आणा. वर्गणी आहे, पदाधिकारी आहेत, शेजारच्या मंडळाशी चुरस आहे, पोलिसांशी बोलणी आहेत. फरक इतकाच की इथल्या मांडवाला दार आहे आणि त्या दाराला आतून कडी आहे.

ही कडी लावलेली असताना आत काय चालतं, ते चांगलं की वाईट, आणि ते बाहेरच्या माणसाने कशावरून ठरवायचं, हा प्रश्न अमेरिकेतल्या विद्यापीठांना दोनशे वर्षं सुटलेला नाही. त्यासाठी बनवलेल्या नियमावल्या मी इतक्या वाचल्या आहेत की त्यांच्या भाषेवरूनच दशक ओळखता येतं. त्यांतली एकही निवांत बसून, विचार करून लिहिलेली नाही. काहीतरी घडलं, कुणीतरी घाबरलं, आणि ज्याला सर्वांत जास्त भीती वाटली त्याने फूटपट्टी हातात घेतली. त्या फूटपट्टीने मग त्याच्या भीतीपुरतंच मोजलं.

सुरुवात मात्र फूटपट्टीविनाच झाली. व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात ५ डिसेंबर १७७६ रोजी काही विद्यार्थ्यांनी ‘फाय बीटा कॅपा’ स्थापन केली. गुप्त शपथ, खुणेचं हस्तांदोलन, ग्रीक अक्षरं आणि दुसऱ्या कॉलेजांना शाखा काढायची सनद देणं, हा सगळा साचा तिथलाच. पुढे १८२६ साली न्यूयॉर्क राज्यात फ्रीमेसन लोकांची गुपितं फोडायला निघालेला विल्यम मॉर्गन नावाचा माणूस बेपत्ता झाला. देशभर गुप्त मंडळींविरुद्ध रान उठलं, आणि १८३१ मध्ये हार्वर्डच्या शाखेने गुप्तता सोडून दिली. आज ‘फाय बीटा कॅपा’ फक्त हुशार मुलांची मानाची संस्था उरली आहे. शपथा आणि खुणा तोवर दुसरीकडे पोचल्या होत्या. न्यूयॉर्क राज्यातल्याच युनियन कॉलेजात १८२५ साली ‘कॅपा अल्फा’ निघाली आणि तिच्या मागोमाग बाकीच्या. मुलीही मागे राहिल्या नाहीत. इलिनॉयच्या मनमथ कॉलेजात १८६७ मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली, तीच आजची ‘पाय बीटा फाय’.

आमच्या ओहायोत ऑक्सफर्ड नावाचं गाव आहे. तिथल्या मायामी विद्यापीठात घडलेली एक गोष्ट मी नव्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगत असे. (फ्लोरिडातल्या मायामीशी या विद्यापीठाचा काही संबंध नाही, हे तिथले लोक न विचारताही सांगतात.) १८४८ चा जानेवारी. एरॅस्मस मॅकमास्टर नावाचे कडक प्रेस्बिटेरियन पाद्री कॉलेजचे अध्यक्ष होते, आणि गुप्त संस्थांचा त्यांना तिटकारा होता. एका रात्री ओला, चिकट बर्फ पडला. पोरांनी त्याचे मोठाले गोळे करून मुख्य इमारतीच्या दारांत लोटले आणि रस्ता बंद केला. सकाळी मॅकमास्टर कडाडले, एकेकाला शोधून काढून टाकीन म्हणाले. झालं! दुसऱ्या रात्री पोरांनी आणखी बर्फ कोंबला आणि यावेळी दारांना खिळेही ठोकले. मग चौकशी बसली. ती संपेपर्यंत कॉलेजातली बरीच मुलं हाकलली गेली होती किंवा आपणहून निघून गेली होती. तिथल्या ‘अल्फा डेल्टा फाय’ आणि ‘बीटा थीटा पाय’ या दोन्ही फ्रॅटर्निटींचा पुरता बाजार उठला. अध्यक्ष जिंकले असं त्या हिवाळ्यात कुणीही म्हटलं असतं. त्याच वर्षी २६ डिसेंबरला, नाताळच्या सुट्टीत मागे राहिलेल्या सहा विद्यार्थ्यांनी ‘फाय डेल्टा थीटा’ स्थापन केली. ती आज देशातल्या मोठ्या फ्रॅटर्निटींपैकी एक आहे. मॅकमास्टरांनी १८४९ मध्ये कॉलेज सोडलं, आणि ‘बीटा’वालेही यथावकाश परतले.

बंदीचा प्रयोग त्यानंतरही होत राहिला. इंडियानाच्या पर्ड्यू विद्यापीठात अध्यक्ष एमर्सन व्हाइट यांनी फ्रॅटर्निटीशी संबंध नसल्याची कबुली दिल्याशिवाय प्रवेश नाही असा नियम केला. ‘सिग्मा काय’च्या एका सभासदाने दावा लावला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८२ साली सांगितलं की अशा सभासदत्वावरून सरकारी विद्यापीठाला प्रवेश नाकारता येणार नाही, मात्र आत आल्यावर मुलाच्या वागण्याला शिस्त लावायचा अधिकार विद्यापीठाचा. पुढच्याच वर्षी व्हाइट पद सोडून गेले. उलट मिसिसिपीच्या विधिमंडळाने १९१२ मध्ये कायद्यानेच बंदी घातली, आणि १९१५ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. म्हणजे बंदीचा अधिकार मान्य झाला, पण बंदी टिकली नाही. मिसिसिपीतही या संस्था पुढे परतल्याच. त्यांचे माजी सभासद विधिमंडळात बसतात, विश्वस्त मंडळात बसतात, कॉलेजला देणग्या देतात. त्यांना कायमचं बाहेर कोण काढणार?

या सगळ्या काळात एक मृत्यूही झाला होता. कॉर्नेल विद्यापीठ सुरू होऊन पाचच वर्षं झाली असताना, १८७३ च्या ऑक्टोबरात, मॉर्टिमर लेगेट हा विद्यार्थी ‘कॅपा अल्फा’त प्रवेशाच्या रात्री डोळ्यांवर पट्टी असताना दरीत कोसळून गेला. वडील यादवी युद्धातले सेनापती. चौकशी झाली, वर्तमानपत्रांत गाजलं, आणि नियम एकही झाला नाही. आपल्याकडच्या रॅगिंगचंच हे भावंड, इथे त्याला हेझिंग म्हणतात. आपल्याकडे वसतिगृहात आलेल्या कोणत्याही नवख्याला ते सोसावं लागतं. इथे मात्र पोरगं स्वतः अर्ज करून, ‘मला आत घ्या’ म्हणून त्याला सामोरं जातं. ‘त्याची संमती होती’ हा बचाव इथल्या वकिलांना म्हणूनच फार वर्षं पुरला.

पहिली खरी फूटपट्टी आली ती मार्कांची. विसाव्या शतकाच्या तोंडावर विद्यापीठं फुगली, वसतिगृहं पुरेनात, आणि फ्रॅटर्निटींनी स्वतःची घरं बांधून किंवा विकत घेऊन ती अडचण परस्पर सोडवली. विद्यापीठाचे पैसे वाचले आणि पोरं हातची गेली. मग ‘डीन ऑफ मेन’ नावाचं नवं पद निघालं. इलिनॉय विद्यापीठाचे टॉमस आर्कल क्लार्क हे त्या जमातीचे आद्य पुरुष. स्वतः ‘अल्फा टाऊ ओमेगा’चे, तिचे राष्ट्रीय अध्यक्षही झालेले. कोणत्या घरात काय शिजतंय हे त्यांना घरातल्या मुलांच्या आधी कळतं अशी त्यांची ख्याती होती. १९१५ मध्ये त्यांनी फ्रॅटर्निटी आणि कॉलेज या विषयावर पुस्तकच लिहिलं. मंडळं बंद करण्यात त्यांना रस नव्हता. त्यांच्याकडून अभ्यास करून घ्यावा, हा त्यांचा आग्रह.

त्या पिढीच्या डीन मंडळींनी जो हिशेब रूढ केला तो सोपा होता. विद्यापीठातल्या सगळ्या मुलग्यांच्या गुणांची सरासरी काढायची, प्रत्येक शाखेच्या सभासदांची सरासरी काढायची, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापायचे. मुलींसाठी तसाच वेगळा तक्ता. सरासरीच्या वर असलेल्या शाखेला करंडक, खाली असलेल्या शाखेला ताकीद. पहिल्या सत्रात ठरावीक श्रेणी मिळाल्याशिवाय नव्या मुलाला पक्का सभासद करायचं नाही, असाही नियम बऱ्याच ठिकाणी आला. तोवर संस्थांच्या शिखर परिषदाही झाल्या होत्या. सोरोरिटींची १९०२ मध्ये शिकागोत, फ्रॅटर्निटींची १९०९ मध्ये न्यूयॉर्कला. त्यांनाही हे आकडे हवेसे वाटले, कारण ‘ही मुलं नुसती मौज करतात’ या आरोपाला तेवढं एकच उत्तर हाताशी होतं.

हे माप इतकं का टिकलं, याचं माझं उत्तर फारसं आदराचं नाही. गुण रजिस्ट्रारच्या दप्तरात आयते पडलेले होते, मोजायला काही खर्च नव्हता. शिवाय मुलांनी त्यावर तोडगाही लगेच काढला. प्रत्येक जुन्या घरात एक लोखंडी कपाट असे आणि त्यात विषयवार, प्राध्यापकवार लावून ठेवलेल्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि निबंध असत. मी नोकरीला लागले तेव्हाही ती कपाटं होती. एका घराच्या पाहणीला गेले असताना मी तसं एक उघडलेलं पाहिलं आहे. रसायनशास्त्राचा खण इतका नीट लावलेला होता की आमच्या ग्रंथालयाला लाज वाटावी. त्या शाखेची सरासरी उत्तम होती, हे सांगायला नकोच.

याच काळात, ज्यांना या घरांत शिरकावच नव्हता, त्यांचं काय? बहुतेक संस्थांच्या घटनेत ‘गोरा’ आणि ‘ख्रिस्ती’ हे शब्द छापलेले होते किंवा न छापता पाळले जात होते. म्हणून ज्यूंनी आपल्या संस्था काढल्या. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी कॉर्नेलमध्ये १९०६ साली ‘अल्फा फाय अल्फा’ आणि हॉवर्ड विद्यापीठात १९०८ साली ‘अल्फा कॅपा अल्फा’ ही सोरोरिटी काढली. परदेशी विद्यार्थ्यांसाठी ‘कॉस्मोपॉलिटन क्लब’ निघाले. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात आले. हार्टली हॉल या वसतिगृहात थोडे दिवस काढून ते ११४ व्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात राहायला गेले, कारण काही भारतीय विद्यार्थी तिथे राहत होते. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हे त्यांचे पारशी स्नेही सोबतीला होते. कोलंबियाच्या फ्रॅटर्निटींची घरंही त्याच आसपासच्या रस्त्यांवर. कोण कोणाबरोबर जेवतो याचा अभ्यास करणाऱ्या माणसाने ती घरं जातायेता पाहिलीच असणार.

या बाबतीतली फूटपट्टी दुसऱ्या महायुद्धानंतर आली, आणि माझ्या मते या सबंध इतिहासातली सर्वांत सरळ फूटपट्टी तीच. ॲमर्स्ट कॉलेजच्या विश्वस्तांनी युद्ध संपल्यावर सांगितलं की ठरावीक मुदतीत वंश-धर्माच्या अटी काढा. १९४८ मध्ये तिथल्या ‘फाय कॅपा साय’ने टॉमस गिब्ज या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला घेतलं. मुख्यालयाने शाखा निलंबित केली, तर शाखेने मुख्यालयालाच रामराम ठोकला आणि स्थानिक संस्था म्हणून चालू राहिली. न्यूयॉर्कच्या राज्य विद्यापीठाने १९५३ मध्ये राष्ट्रीय संस्थांशी संबंध ठेवायलाच मनाई केली. कोलोरॅडो विद्यापीठाच्या नियामक मंडळाने १९५६ मध्ये सहा वर्षांची मुदत दिली. १९६२ पर्यंत घटनेत किंवा विधींत भेद करणारं कलम उरलं तर सभासद घेता येणार नाहीत. १९६५ मध्ये ‘सिग्मा काय’च्या स्टॅनफर्ड शाखेने एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला घ्यायचं ठरवलं आणि मुख्यालयाने ती शाखा निलंबित केली. कारण अर्थातच दुसरं दिलं. त्यावरून कोलोरॅडोने आपल्याकडची शाखा अडवली. ‘सिग्मा काय’ संघराज्याच्या न्यायालयात गेली आणि १९६६ मध्ये हरली.

इथे मोजण्यासारखं काही नव्हतं. कलम आहे की नाही, एवढंच बघायचं. त्यामुळे फसवायलाही जागा कमी होती. अजिबात नव्हती असं नाही. कलम गेलं तरी सभासद निवडताना गुप्त मतदानात एक काळी गोटी टाकली की नाव बाद, ही पद्धत अनेक घरांत उरली, आणि गोटी कशासाठी टाकली हे कुणी विचारत नाही.

१९७८ या वर्षात तीन गोष्टी एकामागोमाग घडल्या. फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्यातल्या आल्फ्रेड विद्यापीठात चक स्टेन्झेल या मुलाला दारूच्या बाटल्या देऊन गाडीच्या डिकीत कोंबलं गेलं आणि तो मेला. त्याची आई आयलीन स्टीव्हन्स पुढची कित्येक वर्षं राज्याराज्यांत फिरून हेझिंगविरोधी कायदे मागत राहिली. उन्हाळ्यात ‘ॲनिमल हाउस’ चित्रपट आला. त्याच्या लेखकांपैकी एक डार्टमथच्या फ्रॅटर्निटीतला. ज्या वागण्याची लाज वाटायला हवी ते त्याने देशभर लोकप्रिय करून टाकलं. आणि त्याच वर्षी डार्टमथच्या प्राध्यापकांनी ६७ विरुद्ध १६ मतांनी ‘फ्रॅटर्निटी बंद करा’ असा ठराव केला. विश्वस्तांनी बंद केल्या नाहीत. घरांनी किमान काय पाळायचं याचे नियम तेवढे पुढे आले.

ऐंशीच्या दशकात डीनच्या हातातली फूटपट्टी विमा कंपनीकडे गेली. १९८४ च्या केंद्रीय कायद्याने दारूचं वय व्यवहारात सगळीकडे २१ झालं. म्हणजे घरात राहणारी बहुतेक मुलं रातोरात बेकायदा पिणारी ठरली. भरपाईचे दावे वाढले, विमा मिळेना. १९८७ मध्ये काही राष्ट्रीय फ्रॅटर्निटींनी एकत्र येऊन विमा घेण्यासाठी गट केला आणि गटाच्या अटी सगळ्या शाखांवर आल्या. त्या वाचताना मला नेहमी हसू येई. पाहुण्याने आपली दारू आपण आणावी, ती दारात जमा करावी, मनगटावर पट्टी बांधून घ्यावी, माणशी जास्तीत जास्त बिअरच्या सहा बाटल्या, पिंप चालणार नाही, शाखेच्या पैशांतून खरेदी नाही. मुलगा सुरक्षित राहावा की दावा शाखेवर येऊ नये, यातला कोणता हेतू कुठे संपतो हे त्या कागदावरून कधी कळलं नाही. परिणाम एक झाला. मोठं मद्यपान हॉलमधून उठून वरच्या खोल्यांत आणि गावातल्या भाड्याच्या घरांत गेलं.

माझ्या टेबलावरचं प्रगतिपुस्तक यानंतरचं. नव्वदीत आणि पुढे जवळजवळ प्रत्येक विद्यापीठाने असं काही ना काही केलं. कुणी त्याला मानांकन म्हणे, कुणी उत्कृष्टतेचे निकष. आमच्याकडे प्रत्येक शाखा वसंत सत्रात एक जाडजूड बाइंडर आणून देई. आत रंगीत विभाजक पानं: अभ्यास, सभासदसंख्या, आर्थिक व्यवहार, समाजसेवा, माजी सभासदांशी संपर्क, घराची देखभाल, जोखीम-व्यवस्थापन. प्रत्येकाला गुण, बेरजेवरून सुवर्ण, रौप्य, कांस्य. प्राध्यापक, माजी विद्यार्थी आणि एखादी सोरोरिटीची अध्यक्षा अशी समिती बसे, पिझ्झा मागवला जाई, आणि संध्याकाळभर गुण देणं चाले.

समाजसेवेचे तास हा त्यातला सर्वांत करमणुकीचा विभाग. साठ मुलांनी नदीकाठचा कचरा उचलला, प्रत्येकी चार तास, सह्या सोबत. सह्यांचा कागद उजेडात धरला की साठही सह्या एकाच निळ्या पेनाच्या, पहिल्या दहा सावकाश वळणदार, शेवटच्या वीस घाईच्या. जोखीम-व्यवस्थापनात पुरावा काय, तर हेझिंगविरोधी व्याख्यानाला किती जण बसले याची हजेरी. व्याख्यान ऐकून कुणी काय केलं याला रकाना नव्हता, असणार तरी कसा? एका वर्षी ज्या शाखेला सुवर्ण मिळालं, तिचं काम पुढच्याच शरद ऋतूत एका नवख्या मुलाला रुग्णालयात न्यावं लागल्यामुळे बंद करण्यात आलं. तिचा बाइंडर सर्वांत देखणा होता.

या फॉर्मची आणखी एक खोड होती. तो घर असलेल्या, जुन्या, गोऱ्या शाखा समोर ठेवून छापलेला होता. कृष्णवर्णीयांच्या संस्थांना बहुतेक ठिकाणी घरंच नसत. आणि त्याच सुमारास आपल्या मुलांच्या संस्था निघू लागल्या होत्या. बिंगहॅम्टनला १९९४ मध्ये ‘आयोटा न्यू डेल्टा’, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९९६ मध्ये ‘सिग्मा बीटा ऱ्हो’, टेक्ससच्या ऑस्टिनला १९९८ मध्ये ‘कॅपा फाय गॅमा’ ही दक्षिण आशियाई मुलींची सोरोरिटी. त्या शाखा दहा-पंधरा जणांच्या. आमच्या महाराष्ट्र मंडळात लहानपणापासून पाहिलेली एक मुलगी अशाच एका शाखेची खजिनदार होती. ती बाइंडर घेऊन आली आणि म्हणाली, “काकू, आम्हाला घरच नाही, तर ‘अग्निशामक तपासणी’त शून्य का?” मी तो प्रश्न लेखी करून वर पाठवला. दोन सत्रांनी फॉर्ममध्ये ‘लागू नाही’ असा एक चौकोन आला. त्या शाखेला हेझिंगबद्दल कुणी काही विचारलं नाही, कारण ‘आपली मुलं तसलं काही करत नाहीत’ असं समितीलाही वाटे आणि आमच्या मंडळातल्या काका-काकूंनाही. देशी शाखांतही ते चालतं. जागरणं, उठाबशा, पाठांतर, ओरडणं हे सगळं ‘भाऊ घडवण्याच्या’ नावाखाली. ज्यांना ते सोसावं लागलं त्यांच्याकडून मी ऐकलं आहे.

मग २ फेब्रुवारी २०१७ ची रात्र आली. पेन स्टेट विद्यापीठातल्या ‘बीटा थीटा पाय’मध्ये टिमथी पियाझा हा १९ वर्षांचा मुलगा पाजलेल्या दारूच्या अमलात तळघराच्या जिन्यावरून पडला. घरातल्या कॅमेऱ्यांत सगळं टिपलं गेलं. मुलं त्याला ओलांडून ये-जा करत राहिली आणि जवळजवळ बारा तास कुणी मदत बोलावली नाही. ४ तारखेला तो गेला. ते घर कागदोपत्री दारूमुक्त होतं. सुवर्णपदकाच्या बाइंडरमध्ये शोभणारं.

त्यानंतर पेन स्टेटने प्रत्येक शाखेचा तक्ता लोकांसमोर ठेवायला सुरुवात केली: सभासद किती, सरासरी गुण किती, आणि मुख्य म्हणजे गुन्हे कोणते आणि शिक्षा काय झाली. आमच्या बाइंडरमधल्या निम्म्या गोष्टी त्यातही आहेत, पण तो कपाटात राहत नाही, एवढा फरक मला पुरेसा वाटतो. पुढच्या वर्षी पेनसिल्व्हेनियाने पियाझाच्या नावाचा कायदा केला. आमच्या ओहायोला शहाणपण यायला आणखी दोन मुलं जावी लागली. २०१८ च्या नोव्हेंबरात ओहायो विद्यापीठातला कॉलिन वायंट आणि २०२१ च्या मार्चमध्ये बोलिंग ग्रीनला स्टोन फोल्ट्झ. २०२१ च्या जुलैत ‘कॉलिन्स लॉ’वर सही झाली. जबरदस्तीने दारू पाजून गंभीर इजा केली तर तो आता मोठा फौजदारी गुन्हा आहे, आणि विद्यापीठांना उल्लंघनांची यादी संकेतस्थळावर टाकावी लागते. २३ डिसेंबर २०२४ रोजी संघराज्याचा कायदाही झाला. आता देशभरातल्या विद्यापीठांनी हेझिंगमध्ये दोषी ठरलेल्या संघटनांची नावं, काय घडलं आणि काय कारवाई झाली हे वर्षातून किमान दोनदा जाहीर करायचं आहे. मार्कांपासून सुरू झालेली मोजणी मृत्यूपर्यंत पोचायला शंभरहून जास्त वर्षं लागली, आणि तीही आईबापांनी पोचवली.

यातही एक भोक आहे आणि ते जुनं आहे. हा जाहीर अहवाल विद्यापीठाने मान्यता दिलेल्या संघटनांचा. मान्यताच नको म्हटली तर? वंशभेदाच्या बाबतीत जे कोलोरॅडो ठाम राहिलं, तिथेच २००४ मध्ये गॉर्डी बेली या नवख्या मुलाच्या मृत्यूनंतर विद्यापीठाने सभासदभरती पुढे ढकला, घरात एक जबाबदार माणूस राहू द्या, असं सांगितलं. फ्रॅटर्निटींनी सही करायला नकार दिला आणि बाहेर पडून आपली वेगळी परिषद केली. वेस्ट व्हर्जिनियात २०१८ मध्ये तेच झालं, मिशिगनमध्ये २०२१ मध्ये, दक्षिण कॅलिफोर्नियात २०२२ मध्ये. घर तेच, अक्षरं तीच, रस्ताही तोच. फक्त विद्यापीठाच्या कागदावर नाव नाही.

माझ्याकडे आता फायली नाहीत, पण फोन येतात. मुलगा पहिल्या वर्षाला गेलाय, एका फ्रॅटर्निटीत बोलावलंय, जाऊ द्यावं का? नको म्हणून उपयोग नसतो, आणि या संस्थांत जन्मभराचे मित्र मिळालेली मुलंही मी पाहिली आहेत. तेव्हा एवढं तरी करा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हेझिंगचा अहवाल शोधा आणि त्या शाखेचं नाव गेल्या काही वर्षांत कुठे आहे का पाहा. त्याआधी मान्यताप्राप्त शाखांची यादी उघडा. शाखेचं नाव त्या यादीतच नसेल, तर अहवालातही ते सापडणार नाही, आणि त्याचा अर्थ तिथे काही घडलं नाही असा मुळीच घेऊ नका.